राख, मीठ आणि शंभर वर्षे

पावसाळा तोंडावर आला की भाईंदरच्या जुन्या वस्तीत एक दृश्य हमखास दिसते. चार मजल्यांची इमारत, खाली दुकाने, जिन्याच्या भिंतीवर ओलीचे नकाशे. स्ट्रक्चरल ऑडिटला आलेला तरुण इंजिनीअर हातोडीने खांबांवर ठोकत जातो. खणखणीत आवाज आला की पुढे सरकतो, बद्द आवाज आला की थांबतो. तिथला गिलावा छिन्नीने उडवला जातो. आत सळई असायला हवी. निघतात ते तांबूस पापुद्रे, बोटांनी चोळले तर भुगा होणारे. मग तो पिशवीतून बाटली काढून उघड्या काँक्रीटवर फवारा मारतो. बाटलीत फिनॉल्फ्थॅलीन असते. काँक्रीटचा क्षारीय कस शाबूत असेल तर डाग क्षणात गर्द गुलाबी होतो. कस गेला असेल तर ओला डाग तसाच राहतो, रंगहीन.

"काका, इथे रंग आला नाही, बघा," इंजिनीअर सांगतो. प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढून १९८०च्या दशकात इथे घर घेतलेले काका त्या न उमटलेल्या रंगाकडे पाहत राहतात. मागून एखादा शेजारी धीर द्यायला म्हणतो, "सोडा हो, हा देहच टिकत नाही, तिथे बिल्डिंगचं काय घेऊन बसलात?"

हे वाक्य कोणी दुष्टपणाने म्हणत नाही. त्यामागे फार मोठी परंपरा उभी आहे. बुद्धाच्या शिकवणीत अनित्यता हे अस्तित्वाचे पहिले लक्षण. जैनांच्या बारा भावनांची सुरुवातच अनित्य भावनेने होते. नश्वर देहाचा उल्लेख नाही असे वारकरी कीर्तन शोधून सापडायचे नाही. उत्तनच्या चर्चमध्ये राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळावर राखेचा क्रूस रेखला जातो आणि माणूस मातीचा आहे, मातीलाच मिळणार आहे, याची आठवण दिली जाते. मिरा रोडच्या नया नगरात जनाजा उठतो तेव्हाही माणूस ज्याचा आहे त्याच्याकडे परतला, हेच स्मरण असते. या मिरा-भाईंदर शहरातल्या सगळ्या धर्मांचे एका गोष्टीवर एकमत घ्यायचे ठरले तर ते याच गोष्टीवर होईल.

मग टिकाऊ बांधण्याची धडपड कशासाठी? सगळे जायचेच असेल तर भिंत शंभर वर्षे उभी राहावी असे वाटणे हा मोह आहे की धर्म? हा प्रश्न देवळाच्या ओसरीवर बसून विचारता येतो. पण तो जास्त नेमकेपणाने विचारता येतो एका करड्या भुकटीपाशी, जिचे सारे काम काँक्रीटचे मरण लांबवणे हेच आहे. तिचे नाव सिलिका फ्यूम. साइटवर तिला मायक्रोसिलिका म्हणतात.

ही भुकटी मुद्दाम कोणी तयार केली नव्हती. फेरोसिलिकॉन किंवा सिलिकॉन धातू बनवताना गारगोटीचा दगड आणि कोळसा विजेच्या भट्टीत दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. त्या उष्णतेत सिलिकाचा काही अंश वायू होऊन वर जातो, हवा लागताच पुन्हा सिलिका होतो आणि अतिसूक्ष्म गोल कणांच्या रूपाने थंड होतो. कित्येक वर्षे हा धूर धुराड्यांतून सरळ आकाशात सोडला जात होता. नॉर्वेत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॉन्डहाइमच्या तंत्रसंस्थेत तो काँक्रीटमध्ये घालून पाहिला गेला. पण मोठ्या प्रमाणावर गोळा होऊ लागला तो १९७०च्या दशकात, प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि धुराड्यांवर गाळण्या बसल्या तेव्हा. गाळण्यांत साठलेल्या या धुळीचे करायचे काय, या प्रश्नातून एक बांधकाम साहित्य जन्माला आले. आज भारतात येणाऱ्या मालाचा काही भाग भूतानहून येतो. तिथे जलविद्युत मुबलक आहे, म्हणून फेरोसिलिकॉनच्या भट्ट्या आहेत.

गोणी उघडून मूठभर भुकटी हातात घेतली तर ती धरता येत नाही. पाण्यासारखी बोटांतून निसटते, आणि निसटूनही तळहाताच्या रेषांत करडी होऊन बसते. धुतल्यावर सगळ्यात शेवटी जाते ती नखांच्या कडांतली. कण सरासरी एक दशांश मायक्रॉनचा, म्हणजे सिमेंटच्या कणापेक्षा सुमारे शंभरपटींनी लहान. एक किलो भुकटीतल्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग उलगडून पसरता आला तर वीस हजार चौरस मीटर भरेल, जवळजवळ पाच एकर. सिमेंटच्या वजनाच्या पंधरा टक्के ही भुकटी घातली तर सिमेंटच्या एकेका कणामागे वीस लाखांच्या घरात कण येतात.

ती आत जाऊन काय करते हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे.

सिमेंटमध्ये पाणी पडले की दोन गोष्टी तयार होतात. एक चिकट, घट्ट जेल. काँक्रीटची खरी ताकद त्याच्यात. दुसरा मोकळा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक. हा चुना काँक्रीटला क्षारीय ठेवतो आणि त्या क्षारीयतेमुळे सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो, एवढा त्याचा उपकार. पण ताकदीच्या बाबतीत तो दुबळा. खडीच्या कडेकडेने तो साठतो, तिथेच फटी राहतात आणि पाणी शिरते तेही तिथूनच. सिलिका फ्यूमचे कण आधी सिमेंटच्या कणांमधल्या रिकाम्या जागा भरतात. मग त्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून त्याचेही जेल करून टाकतात. जो भाग कच्चा होता त्याचाच बंध होतो. छिद्रांची एकमेकांत गुंतलेली वाट तुटते. पाणी, मीठ, हवा यांना सळईपर्यंत पोचायला बारा वर्षे लागत असतील तिथे कितीतरी पटींनी जास्त काळ लागतो. सगळाच चुना खाऊन टाकला तर सळईचे कवच पातळ होईल, म्हणून मात्रा जपावी लागते. भारतीय मानक आयएस ४५६ सिमेंटच्या पाच ते दहा टक्के एवढे प्रमाण सांगते.

राखेने चुन्याला बळ द्यायची ही रीत नवी नाही. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात घालून रोमन लोकांनी बंदरे बांधली. अशा पदार्थांना आजही पोझोलाना म्हणतात ते त्या गावावरून. आपल्याकडे भाजलेल्या विटांची सुरकी चुन्यात घालत, ती त्याच जातीची. खाडीपलीकडच्या वसईच्या किल्ल्याच्या भिंती चुन्यावर उभ्या आहेत. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या तोफा त्यांनी झेलल्या आणि पुढची पावणेतीनशेहून अधिक वर्षे कोकणचा पाऊसही.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वसईच्या चुन्यात शिरला की चुन्याचा पुन्हा दगड होतो; भिंत वयाबरोबर पक्की होत जाते. तीच हवा भाईंदरच्या खांबात शिरली की काँक्रीटची क्षारीयता उतरवते आणि सळईला उघडी पाडते. गुलाबी रंग न उमटण्याचे कारण हेच. एकाचे आयुष्य वाढवणारी गोष्ट दुसऱ्याचा काळ होते. फरक फक्त पोटात लोखंड असण्याचा.

आणि भाईंदरला हवेच्या जोडीला मीठ आहे. हे शहर मिठागरांच्या काठी वाढले. खाडीचे पाणी आगरांत घेऊन उन्हात आटवायचे, पांढरे ढीग रचायचे, हा इथला जुना धंदा. रेल्वेच्या खिडकीतून ते ढीग बघत दोन पिढ्या चर्चगेटला गेल्या. त्याच वाऱ्यातले क्लोराइड खांबांत शिरते आणि सळईला आतून खाते. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, त्या दाबाने बाहेरचे काँक्रीट फुटते आणि स्लॅबचा पोपडा जेवणाच्या ताटात पडतो. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो. लोखंडाला ते जमत नाही.

१९८५ मध्ये नगरपरिषद झालेले आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेले हे मिरा-भाईंदर शहर २०११च्या जनगणनेत आठ लाख नऊ हजारांवर पोचले होते. मुंबईत न मावलेल्या माणसांना इथे डोक्यावर छप्पर मिळाले, तेही घाईत. त्या वेळी लागू असलेल्या आयएस ४५६च्या १९७८च्या आवृत्तीनुसार सळईच्या काँक्रीटला एम-१५ ही ताकदीची प्रत किमान म्हणून चालत असे. २००० सालच्या आवृत्तीने ती किमान एम-२० केली आणि समुद्राजवळच्या बांधकामाला एम-३० किंवा त्याहून वर नेली. पंधरा आणि तीस या दोन आकड्यांमध्ये हजारो कुटुंबांच्या झोपेचा प्रश्न आहे. कायद्याने तीस वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट सक्तीचे आहे. अहवालात इमारत सी-१ वर्गात गेली की ती रिकामी करून पाडायची असते. ते अक्षर आणि तो आकडा दारावर लागला की घरातली म्हातारी माणसे देवघर आवरायला घेतात. देव आधी हलवायचे, मग भांडी.

अशा घरात उभे राहून अनित्यतेचे प्रवचन करता येईल का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याने गोराईकडे निघाले की शहराच्या हद्दीला लागूनच ग्लोबल विपश्यना पॅगोडा उभा आहे. विपश्यनाचार्य सत्यनारायण गोएंकांच्या प्रेरणेने २००० साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले. आतल्या घुमटाचा व्यास सुमारे ८५ मीटर आणि मध्ये एकही खांब नाही. त्याआधी दगडी घुमटांत ज्याचा दबदबा होता त्या विजापूरच्या गोल घुमटाच्या जवळजवळ दुप्पट हा विस्तार. सहाशे-सातशे किलोंचे दगड एकमेकांत अडकवून तो रचला आहे आणि सांध्यांत चुना आहे. पोलादाचा आधार घेतलेला नाही. लोखंड गंजते, वास्तू शेकडो वर्षे टिकायची असेल तर लोखंड नकोच, असा सरळ विचार.

त्या घुमटाखाली आठ हजार माणसे एका वेळी डोळे मिटून बसू शकतात. ती काय करतात? शरीरावर उठणारी आणि विरणारी प्रत्येक संवेदना पाहतात आणि मनाशी समजून घेतात की हे सारे अनित्य आहे. गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. पदार्थ अतिसूक्ष्म कलापांचा बनलेला आहे आणि ते कलाप क्षणोक्षणी उत्पन्न होतात, नष्ट होतात, ही बौद्ध मांडणी ते साधकांना शिकवत. म्हणजे खाली बसलेला साधक कणाकणाचा नाश अनुभवतो आहे आणि त्याच्या डोक्यावर मात्र नाश होऊ नये म्हणून जिवापाड मेहनत घेतलेला घुमट आहे.

वरवर पाहिले तर हा उघड विरोध आहे. पण तो घुमट कोणासाठी बांधला हे पाहिले की विरोध विरघळतो. गोएंकांनी त्यामागे दोन हेतू सांगितले होते. ज्या ब्रह्मदेशाने विपश्यनेची ही विद्या जपून परत दिली त्याच्याविषयी कृतज्ञता, आणि पुढच्या पिढ्यांना ही विद्या मिळावी ही इच्छा. एक हेतू मागच्यांसाठी, दुसरा पुढच्यांसाठी. स्वतःसाठी त्यात काही नाही. २०१३च्या सप्टेंबरात ते गेले, घुमट आहे. जो माणूस स्वतःच्या देहाला धरून ठेवत नाही तोच दुसऱ्यांसाठी दगड नीट बसवून घेऊ शकतो, असे म्हटले तर त्यात अनित्यतेचा अवमान होत नाही.

मराठी माणसाला हा पेच खरे तर अनोळखी नाहीच. शाडूची मूर्ती घरी आणायची, तिच्यात प्राण बोलवायचे, दीड दिवसाने डोळ्यांत पाणी आणून ती विसर्जित करायची, हे आपण दर भाद्रपदात करतो. आणि याच ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे शिवमंदिर उभे आहे, दगडात दगड बसवलेले. एकाच श्रद्धेने दीड दिवसाचा देवही मानला आणि हजार वर्षांचे देऊळही. मातीच्या मूर्तीने विरावे, कारण तिचे काम विरण्यातच पुरे होते. देवळाने उभे राहावे, कारण पुढच्या शतकातला अनोळखी भक्त तिथे येणार असतो. काय किती टिकावे हे त्या वस्तूचे कोणाशी काय नाते आहे त्यावर ठरते. जपानमधले इसे येथील देवस्थान तिसऱ्याच वाटेने जाते. तिथली लाकडी मंदिरे दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा बांधली. लाकूड टिकत नाही, पण बांधणाऱ्या हातांची विद्या पिढीतून पिढीत टिकते.

तेव्हा जिन्यातल्या त्या शेजाऱ्याच्या वाक्यात चूक आहे ती शिकवणीची नाही. चूक आहे ती शिकवण कोणाला लावायची याची. "माझा देह नाशवंत आहे" हे ज्ञान. "तुझे छप्पर नाशवंत आहे, तर कुरकुर कशाला" ही सरळसरळ जबाबदारी झटकण्याची भाषा. पहिले वाक्य स्वतःशी म्हणायचे असते. ते दुसऱ्याच्या खांबाला टेकू म्हणून लावता येत नाही. बुद्धाने, महावीराने, संतांनी नश्वरता सांगितली ती माणसाची पकड सैल व्हावी म्हणून. ज्याच्या हातात सिमेंटचे मोजमाप आहे त्याने नफ्यावरची पकड सैल केली तर त्या शिकवणीचे सार्थक होईल. घरमालकाने घरावरची करावी, ही अपेक्षा त्याच्याकडून करण्याचा अधिकार कोणाला आहे?

पॅगोडासारखे प्रत्येक घर दगडाचे बांधता येत नाही, हेही खरे. घुमटात दगड फक्त दाबला जातो आणि दाब दगडाला सोसतो. स्लॅब मात्र वाकतो. वाकताना त्याची खालची बाजू ताणली जाते आणि ताण काँक्रीटला सोसत नाही. म्हणून सळई हवी. सळई आली की तिला जपणे आले, आणि तिला जपणे म्हणजे काँक्रीट इतके घट्ट करणे की मिठाला वाट मिळू नये. इथे ती करडी भुकटी कामाची ठरते. दक्षिण मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळच्या उड्डाणपुलासाठी २००२च्या सुमारास एम-७५ प्रतीचे काँक्रीट वापरले गेले, सिलिका फ्यूम घालून; त्या पुलाला माहीमच्या मखदूम अली माहिमी या सूफी संताचे नाव आहे. कैगा अणुवीज प्रकल्पाचा घुमट १९९४ मध्ये बांधकामातच निखळला, तेव्हा नव्या घुमटासाठीही हेच साहित्य निवडले गेले. आता भाईंदरच्या साध्या सोसायट्यांच्या खांबांभोवती दुरुस्तीचे जॅकेट चढवताना गोणीतून येणाऱ्या तयार मालातही पुष्कळदा तिचा अंश असतो. अणुभट्टीचा घुमट आणि दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचा खांब यांना एकच भुकटी सांभाळते.

अभियंते या प्रश्नाकडे कसे पाहतात, तेही शिकण्यासारखे आहे. ते अमर काही बांधत नाहीत आणि तसा दावाही करत नाहीत. आराखडा करतानाच आयुष्य ठरवतात. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू शंभर वर्षांच्या हिशेबाने बांधला आहे. आपण लहानग्याच्या डोक्यावर हात ठेवून शतायुषी हो म्हणतो, तोच आकडा पुलाच्या कागदावर असतो. म्हणजे अनित्यता तिथे आधीच मान्य केलेली आहे. प्रश्न एवढाच की दिलेला शब्द पाळला जातो की नाही. घोडबंदरजवळ वसईच्या खाडीवरचा राष्ट्रीय महामार्गाचा जुना पूल सत्तरच्या दशकातला. २०१३च्या डिसेंबरात त्याच्या एका गर्डरला तडा दिसला आणि अवजड वाहने थांबली. गुजरातकडून येणारे ट्रक ठाण्याकडून वळसा घालू लागले, काशिमिऱ्याच्या नाक्यावर रांगा लागल्या. पूल वयाची पन्नाशीही न गाठता थकला की त्याचे ओझे अशा माणसांवर पडते ज्यांचा तो बांधणाऱ्यांशी काही संबंध नव्हता. २०२३ मध्ये शेजारचा नवा पूल सुरू झाला.

यातला सगळ्यात अवघड भाग न दिसण्याचा आहे. नव्या घराची वास्तुशांत होते तेव्हा आग्नेय कोपऱ्यात फरशीखाली वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा ठेवतात. फरशी बसली की ती पुन्हा कोणाला दिसत नाही. घरातल्या मुलांना ती कुठे आहे हेही पुढे आठवत नाही, तरी तिच्या भरवशावर संसार चालतो. सिलिका फ्यूमचेही तसेच आहे. सात टक्के घातली की तीनच, हे काँक्रीट सुकल्यावर डोळ्यांना कळत नाही. ती सिमेंटपेक्षा कितीतरी महाग आहे आणि न घातल्याचा परिणाम दिसायला पंधरा-वीस वर्षे लागतात. तोवर बिल्डर दुसरीकडे गेलेला असतो, मिस्त्री गावी गेलेला असतो आणि इंजिनीअर निवृत्त झालेला असतो. ज्याला कोणी पाहत नाही ते काम कसे करायचे, हा प्रश्न सगळ्याच धर्मांनी फार आधी विचारून ठेवला आहे. बांधकामात तो विचारला जातो तो गोणी फाडताना.

बरे, भुकटी घातली म्हणजे काम झाले असेही नाही. ती पाणी फार मागते, म्हणून सुपरप्लास्टिसायझर द्यावा लागतो. माल चिकट होतो, व्हायब्रेटर जपून चालवावा लागतो. साध्या काँक्रीटच्या पृष्ठभागावर थोडे पाणी तरंगून येते आणि त्याला सुकू देत नाही. या काँक्रीटमध्ये ते जवळजवळ येतच नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात, खाडीच्या वाऱ्यात, तासाभरात स्लॅबवर केसासारख्या भेगा उमटू शकतात. मग जिला वाट बंद करायला आणली तिच्यामुळेच मिठाला नवी वाट मिळते. म्हणून पाणी मारायचे ते लगेच आणि मारतच राहायचे. उत्तम साहित्य निष्काळजी हातांना माफ करत नाही. उलट त्यांच्याकडून जास्त काळजी मागते.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. टिकाऊपणा हा आपोआप सद्गुण होत नाही. कांदळवन तोडून, मिठागरावर भर टाकून एखादी चुकीची इमारत उभी केली आणि ती शंभर वर्षे टिकली, तर ती चूकच शंभर वर्षे टिकली. जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या आसपास आहे. प्रत्येक घनमीटर काँक्रीट पुढच्या पिढीच्या हवेतून काहीतरी उचलते. पण हा आक्षेप कच्च्या बांधकामाच्या बाजूने जात नाही. तीस वर्षांत पाडावी लागलेली इमारत दोनदा सिमेंट खाते आणि तिचा राडारोडा शेवटी खाडीच्या कडेला जाऊन पडतो. बांधायचे की नाही याचा विचार आधी करावा. बांधायचेच ठरले तर मग कुचराईला जागा नाही. नवे देऊळ बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य मोठे, असे जैन आणि हिंदू दोन्ही परंपरा मानतात. भाईंदरच्या जुन्या इमारतींचे खांब नीट उघडून, गंज घासून, नव्या मालाने बांधून त्यांना आणखी वीस वर्षे देता आली तर त्या पुण्याची व्याख्या देवळाबाहेर न्यायला काहीच हरकत नसावी.

राहता राहिली राख. आपल्याकडे राख म्हणजे शेवट. चिता विझली की अस्थी वेचतात आणि राख पाण्यात सोडतात. शैव ती कपाळाला लावतात ते या शेवटाची ओळख ठेवायला. राखेच्या बुधवारची राखही आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. ज्या उत्साहाने मिरवल्या त्याच जळतात. आगीतून आलेल्या सिलिकाचे हे सूक्ष्म कण मात्र तिथून पुढे निघतात आणि कोणाच्या तरी घराच्या खांबात जाऊन बसतात. रासायनिक क्रियेला नीती नसते, त्यामुळे यातून मोठा आध्यात्मिक सिद्धान्त काढायचा मोह टाळलेलाच बरा. तरी एवढे पाहता येते की जे संपले असे आपण समजलो त्याचा उपयोग संपलेला नव्हता, आणि तो कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंत कित्येक वर्षे आकाशात उधळला जात होता.

भाईंदर पूर्वेला आजही कुठेतरी स्लॅब भरला जातो. सकाळी पहिला मिक्सर आला की त्याला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात, खोबऱ्याचे तुकडे मजुरांच्या हातावर येतात. दुपारपर्यंत माल पसरून, कुटून, फळीने सारखा केलेला असतो. संध्याकाळी ओल्या गोणपाटांखाली स्लॅब निपचित पडलेला असतो आणि एक जण पाइप धरून पाणी मारत असतो, आगराकडून येणारा खारा वारा अंगावर घेत. गच्चीच्या कोपऱ्यात लोखंडी साच्यांत सहा ठोकळे भरून ठेवलेले आहेत, प्रत्येकी पंधरा सेंटिमीटरचे. सुपरवायझरने खिळ्याने त्यांच्या ओल्या तोंडावर आजची तारीख आणि प्रत कोरली आहे. उद्या ते साच्यातून निघतील आणि पाण्याच्या टाकीत बुडतील. तीन सातव्या दिवशी फोडले जातील, तीन अठ्ठाविसाव्या. तोवर पाण्याखाली त्या करड्या कणांचे काम चालू राहील.